कोरडे पडणारे पाणी

जीवसृष्टी कशी सुरू झाली यावर विज्ञानात आज एकमत नाही, पण मतभेद नेमका कुठे आहे हे मात्र गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ स्पष्ट झाले आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथल्या झिरकॉन स्फटिकांवरून ४३० कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर पाणी असावे असे दिसते, आणि त्याच प्रदेशातल्या पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर सापडतात. म्हणजे जे काही घडले ते या दोन तारखांच्या दरम्यान. डार्विनने १८७१ साली हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात एका लहानशा कोमट तळ्याची कल्पना केली होती: अमोनिया, फॉस्फेटचे क्षार, उजेड, उष्णता, वीज, आणि त्यातून घडलेले एखादे प्रथिन. १९२४ साली ओपारिन यांनी मॉस्कोत आणि १९२९ साली हॅल्डेन यांनी इंग्लंडमध्ये, एकमेकांना ठाऊक नसताना, जवळपास एकच विचार मांडला की प्राणवायूविरहित वातावरणात सेंद्रिय रेणू आपोआप घडून साचत गेले. (हे हॅल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले; त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे.) १९५३ साली शिकागोत स्टॅनली मिलर यांनी हॅरल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेत मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि अमिनो आम्ले मिळवून दाखवली. तिथपर्यंत वाट एकच होती. पुढे तिला फाटे फुटले.

आज दोन पक्ष ठळक आहेत. एक म्हणतो, जीवनाचा आरंभ खोल समुद्रात, तळावरच्या उष्ण झऱ्यांत झाला. दुसरा म्हणतो, जमिनीवरच्या, वारंवार आटणाऱ्या आणि भरणाऱ्या पाण्यात झाला. या दोन पक्षांना इथे समोरासमोर बोलते केले आहे. प्रस्तुत लेखकाचा कौल भूमिपक्षाकडे आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मात्र समुद्रपक्षाला आपले सर्वांत बळकट मुद्दे मांडू दिल्याशिवाय त्या कौलाला काही किंमत राहत नाही, म्हणून बोलण्याचा पहिला मान त्याचा.

समुद्रपक्ष : तुम्ही रेणूंपासून सुरुवात करता, मी ऊर्जेपासून करतो. मिलरच्या काचपात्रात अमिनो आम्ले झाली खरी, पण ठिणग्या थांबल्यावर ती तशीच पडून राहिली. जिवंत पेशी मात्र क्षणभरही थांबत नाही. तिच्यातून ऊर्जेचा प्रवाह अखंड वाहतो, तो तुटला की ती मेली. शिवाय मिलरने घेतले तसे मिथेन-अमोनियाने भरलेले वातावरण पृथ्वीवर दीर्घकाळ नसावे, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन मुख्य असावेत, असे आता बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की पृथ्वीवर अशी जागा कोणती जिथे ऊर्जेचा प्रवाह हजारो वर्षे आपोआप चालू राहतो. त्याचे उत्तर २००० सालच्या डिसेंबरात अटलांटिकच्या मध्यभागी सापडले. तिथल्या झऱ्यांच्या परिसराला ‘लॉस्ट सिटी’ म्हणतात. कार्बोनेटची पांढरी धुराडी, त्यातले एक साठ मीटर उंच, आणि त्यांतून ४० ते ९० अंश सेल्सिअसचे, तीव्र अल्कधर्मी पाणी झिरपते. समुद्रतळाखालच्या ऑलिव्हिन खनिजाशी पाण्याची रासायनिक क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो, आणि हे निदान तीस हजार वर्षे चालू आहे. मायकेल रसेल यांनी असे झरे असणार हे ते सापडण्यापूर्वी दहा-बारा वर्षे सांगून ठेवले होते. आता यात आरंभीचा समुद्र मिसळा. कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे तो किंचित आम्लधर्मी होता. धुराड्याच्या सच्छिद्र भिंतीच्या एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्क: म्हणजे प्रोटॉनच्या संख्येत आयता फरक. १९६१ साली पीटर मिचेल यांनी सांगितले की पेशी पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा असाच फरक राखून त्याच्या जोरावर एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बनवते. सुरुवातीला थट्टा झाली, १९७८ साली नोबेल मिळाले. जीवाणूपासून माणसापर्यंत जवळपास सगळी सृष्टी या एकाच युक्तीवर जगते. ती युक्ती खडकात आधीपासून असेल तर जीवनाने ती तिथूनच उचलली, हे मानणे सर्वांत सरळ नाही का?

भूमिपक्ष : तुमचे चित्र देखणे आहे, आणि त्यातला बराच भाग मला मान्य आहे. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून सेंद्रिय पदार्थ बनवणारा मार्ग सर्वांत प्राचीन चयापचयांपैकी असावा, हेही मी मानतो. २०२० साली विल्यम मार्टिन यांच्या सहकाऱ्यांनी नुसत्या लोहखनिजांच्या आणि लोह-निकेलच्या मिश्रधातूच्या सान्निध्यात, शंभर अंशांवर, एका रात्रीत या दोन वायूंपासून फॉर्मेट, अॅसिटेट आणि पायरुव्हेट मिळवले. विकर नाहीत, पेशी नाही, तरी पेशीच्या गाभ्यातले रेणू तयार. हा प्रयोग मला मिलरच्या प्रयोगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पण आता तुम्ही पुढे जाऊन दाखवा. हे दोन-तीन कार्बनचे रेणू आहेत. जीवन साखळ्यांवर चालते: प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या, आरएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडांच्या साखळ्या. साखळीत दुवा जोडायचा तर दर जोडणीला पाण्याचा एक रेणू बाहेर पडावा लागतो. ज्याच्या भोवती अथांग पाणी आहे त्याने पाणी बाहेर टाकायचे म्हणजे उतारावरून वर वाहायचे. समुद्रात जोडणीपेक्षा तोडणी सोपी. त्यातही आरएनए अल्कधर्मी पाण्यात फार लवकर तुटते, आणि तुमच्या धुराड्यांतले पाणी नेमके तसे आहे. जमिनीवरच्या पाण्याला एक गोष्ट साधते जी समुद्राला कधीच साधणार नाही: ते आटते. मिठागरात उन्हाने पाणी उडाले की विरळ खारट पाण्यातून घट्ट मीठ बसते. तसेच आटत्या डबक्यात विखुरलेले रेणू एकमेकांना भिडतात, आणि पाणीच उरले नाही की जोडणी आपोआप सोपी होते. पुन्हा पाणी आले की साखळ्या सुट्या होतात, मिसळतात, नव्या जोड्या लागतात. डेव्हिड डीमर यांच्या गटाने हे करून पाहिले. २००८ साली सुधा राजमणी आणि सहकाऱ्यांनी मेदांच्या सोबतीने न्यूक्लिओटाइडांना ओले-कोरडे करत आरएनएसारख्या साखळ्या मिळवल्या. राजमणी यांची प्रयोगशाळा आता पुण्याच्या आयसरमध्ये याच प्रश्नावर काम करते, आणि लडाखच्या उष्ण झऱ्यांच्या पाण्यात मेदाम्लांच्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, बनतात का, टिकतात का, हेही तिने तपासले आहे.

समुद्रपक्ष : पुण्याचे नाव तुम्ही काढलेत, तर त्याच प्रयोगशाळेचे २०१५ सालचे कामही सांगा. आम्लधर्मी पाण्यात, तापवून वाळवताना, साखळी जुळते पण तिच्यावरचे बेस गळून पडतात, असे त्यांनीच दाखवले. ज्या अक्षरांत माहिती लिहायची तीच पुसली जातात. उरतो तो कणा. आणि मूळ आक्षेप तर वेगळाच आहे. आज एकही पेशी साखळी जोडण्यासाठी वाळत नाही. ती पाण्यातच जोडते, कारण ती आधी रेणूला ऊर्जा देऊन तयार करते, एटीपीसारख्या रेणूच्या मदतीने. तुमची पद्धत जीवनाने वारशात घेतलीच नाही. ज्याचा मागमूस कुठल्याही जीवात नाही ते मूळ कसे मानायचे? विरळपणाचे म्हणाल तर धुराड्यांतल्या बारीक छिद्रांत एक बाजू गरम, एक थंड असते, आणि त्या फरकाने रेणू एका टोकाला हजारो पटींनी गोळा होतात. हे प्रयोगांत आणि गणितात दिसले आहे. उलट तुमचे उथळ डबके ओझोनचे छत्र नसलेल्या आकाशाखाली उघडे पडलेले. अतिनील किरणांनी सगळे जळून जाईल. आणि त्या काळी जमीन तरी किती होती?

भूमिपक्ष : बेस गळण्याचा दोष खरा आहे, आणि तो दाखवून देणे हे त्या शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. त्यातून निष्कर्ष इतकाच की डबके फार आम्लधर्मी नसावे, किंवा आधी वेगळे बेस असावेत. आटण्याची क्रियाच चुकीची, असा निघत नाही. वारशाच्या मुद्द्याचे उत्तर मात्र नीट द्यायला हवे. पेशी पाण्यात जोडणी करते ती विकरांच्या जोरावर, आणि विकर स्वतःच साखळ्या आहेत. साखळ्या बनवायला साखळ्या लागतात हे आजचे चक्र सुरू कसे झाले हाच तर आपला प्रश्न. चक्राबाहेरची कुठली तरी शक्ती आरंभी लागणार, आणि एकदा विकर आले की तिची गरज संपणार. म्हणून पहिल्या पायरीची खूण आजच्या पेशीत न सापडणे हे अपेक्षितच आहे. अतिनील किरणांबद्दल तर मी उलट म्हणेन. आरएनए-डीएनएमधले बेस अतिनील किरणांचा मारा कमालीचा सोसतात. शोषलेली ऊर्जा ते सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. इतके रेणू शक्य असताना नेमके हेच का निवडले गेले? उघड्या उन्हात इतर गळाले, हे टिकले, असे उत्तर स्वाभाविक वाटते, आणि समुद्राच्या काळोखात ते लागू पडत नाही. केंब्रिजच्या जॉन सदरलंड यांनी हायड्रोजन सायनाइड, हायड्रोजन सल्फाइड आणि अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने न्यूक्लिओटाइड, अमिनो आम्ले आणि मेदांचे पूर्वरूप असे तिन्ही एकाच रसायनजाळ्यातून मिळू शकतात हे २०१५ साली मांडले. जमिनीबद्दल म्हणाल तर खंडांची गरज नाही, आइसलंड किंवा हवाईसारखी ज्वालामुखीची बेटे पुरतात, आणि तप्त, ज्वालामुखींनी धगधगणाऱ्या तरुण पृथ्वीवर तशी बेटे नसतील असे मानणेच अवघड आहे.

समुद्रपक्ष : न्यूक्लिओटाइड म्हणता, पण त्यात फॉस्फेट कुठून आणणार? कॅल्शियम दिसले की फॉस्फेट त्याला चिकटून अॅपेटाइट खनिज होते आणि तळाला बसते. डार्विनच्या तळ्यात फॉस्फेटचे क्षार लिहिणे सोपे. खऱ्या तळ्यात ते विरघळलेले सापडत नाहीत.

भूमिपक्ष : सापडतात, आणि त्यांपैकी एक तळे बुलढाणा जिल्ह्यात आहे. या आक्षेपाने रसायनशास्त्रज्ञांना अनेक दशके छळले हे खरे. २०१९ सालच्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी त्यावर तोड सुचवली. त्यांनी कार्बोनेटने समृद्ध अशी सोडा-सरोवरे पाहिली: कॅलिफोर्नियाचे मोनो, केनियाचे मागाडी, आणि आपले लोणार. अशा पाण्यात कार्बोनेट कॅल्शियमला आधीच पकडून तळाला नेते, त्यामुळे फॉस्फेट मोकळे राहते, आणि पाणी आटत जाते तसे वाढत जाते. कार्बोनेटी सरोवरांत ते समुद्राच्या पन्नास हजार पटींपर्यंत चढू शकते, असे त्यांचे मोजमाप आहे. लोणारचा दाखला मला फार बोलका वाटतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेले ते विवर. व्यास जवळपास १.८ किलोमीटर. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही, फक्त बाष्पीभवन. आरंभीच्या पृथ्वीचा पृष्ठभाग बराचसा अशाच काळ्या ज्वालामुखी खडकाचा होता आणि अशनी तर तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त कोसळत होते. म्हणजे आज जगात दुर्मीळ असलेले हे दृश्य, बेसॉल्टमधला खड्डा आणि त्यात आटणारे खारे पाणी, त्या काळी ठिकठिकाणी दिसत असणार. लोणारमध्ये जीवन सुरू झाले असे कोणी म्हणत नाही. वयाने ते तळे कालचे आहे. पण ज्या रसायनाची आपल्याला गरज आहे ते निसर्गात विनासायास घडते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

समुद्रपक्ष : मग स्वतःच्याच शस्त्राने तुम्ही घायाळ झालात. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. अल्कधर्मी पाण्यात आरएनए तुटते असे तुम्हीच मला सुनावलेत.

भूमिपक्ष : आक्षेप रास्त आहे, आणि टोनर-कॅटलिंग यांनी तो स्वतःच विचारात घेतला. आजच्या हवेत कार्बन डायऑक्साइड अत्यल्प आहे. त्या काळी तो भरपूर होता, आणि तो तळ्याच्या पाण्यात मुरला की सामू उतरतो; त्यांच्या हिशोबाने अशी तळी उदासीन ते सौम्य अल्कधर्मी राहिली असती. समुद्रतळाच्या झऱ्याला ही सवलत नाही, कारण त्याचे पाणी खालून, खडकातून, हवेशी संबंध नसताना येते. तुमच्या सिद्धान्ताला तर दोन बाजूंचा फरक हवाच आहे; तो पुसला तर तुमची ऊर्जाच संपते.

समुद्रपक्ष : ठीक. पण आरएनएवर तुमची एवढी भिस्त कशाला? ते नाजूक आहे, गुंतागुंतीचे आहे, आणि सदरलंड यांच्या प्रयोगांत रसायनशास्त्रज्ञाचा हात सतत फिरतो: हा पदार्थ शुद्ध करून घाला, तो आता घाला, आता दिवा लावा. निसर्गाला असा मदतनीस नव्हता. याउलट सर्व जीवांचा शेवटचा समाईक पूर्वज, ज्याला ल्यूका म्हणतात, त्याची ३५५ प्रथिनकुळे मार्टिन यांच्या गटाने २०१६ साली शोधली. चित्र काय निघाले? हायड्रोजनवर जगणारा, कार्बन डायऑक्साइड बांधणारा, उष्णतेत राहणारा सूक्ष्मजीव. तो माझ्या धुराड्याचा रहिवासी आहे.

भूमिपक्ष : आरएनएवर भिस्त ठेवण्याचे कारण कुणाची आवड हे नाही, पुरावा पेशीच्या आतच आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले की आरएनए स्वतः रासायनिक क्रिया घडवू शकते; १९८९ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याहून मोठा पुरावा रायबोसोमचा. पृथ्वीवरचे प्रत्येक प्रथिन या यंत्रात घडते. २००० साली त्याची रचना अणूअणूने उलगडली तेव्हा दिसले की जिथे अमिनो आम्ले एकमेकांना जोडली जातात त्या गाभ्याशी प्रथिन नाहीच, नुसते आरएनए आहे. या कामासाठी २००९ साली व्यंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि अॅडा योनाथ यांना नोबेल मिळाले. प्रथिने बनवणारे यंत्र आरएनएचे असेल, तर प्रथिनांच्या आधी आरएनए कामाला लागले होते याहून साधा अर्थ मला दिसत नाही. मदतनिसाच्या हाताची टीका मात्र मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच २०१९ साली म्युनिकमध्ये टॉमस कारेल यांच्या गटाने केलेले काम मला पुढचे वाटते: आरएनएच्या दोन्ही जातींचे घटक एकाच व्यवस्थेत, मुख्यतः ओले-कोरडे होण्याच्या चक्रांनी घडवले. तिथे माणसाचा हात थोडा मागे सरतो आणि हवामान पुढे येते. राहिला ल्यूका. ती ३५५ कुळांची यादी पुढे वादग्रस्त ठरली, पण ती खरी मानली तरी ल्यूका म्हणजे आरंभ नव्हे. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासाने त्याचा काळ सुमारे ४२० कोटी वर्षांपूर्वीचा काढला आणि त्याच्याकडे जवळपास २६०० प्रथिनांची जनुके, शिवाय विषाणूंविरुद्धची प्राथमिक संरक्षणव्यवस्था असावी असे अनुमान केले. इतका सज्ज जीव म्हणजे लांबलचक प्रवासाचा शेवट. तो कुठे राहत होता यावरून त्याचे पूर्वज कुठे जन्मले ते कळत नाही. तो समुद्रतळाच्या झऱ्यात स्थिरावला असेल, हे मी आनंदाने मान्य करतो.

समुद्रपक्ष : ४२० कोटी वर्षांचा आकडा तुम्हालाच अडचणीचा आहे. पाणी टिकू लागल्यापासून ल्यूकापर्यंत फार तर दहा-वीस कोटी वर्षे उरतात. एवढ्यात योगायोगाने आरएनए जुळून येणार? फ्रेड हॉइल यांनी याच शंकेवरून जीवन पृथ्वीवर घडलेच नाही, अवकाशातून आले, असे म्हटले. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी तर प्रयोगही हाती घेतला: हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांच्या तपासणीत पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था होती. एकीला हॉइल यांचे नाव दिले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे.

भूमिपक्ष : आणि ते जाहीर करताना २००९ साली इस्रोने हेही स्पष्ट केले की यावरून त्या जातींचा उगम पृथ्वीबाहेरचा असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. नारळीकरांचा मोठेपणा मला यात दिसतो की त्यांनी मत नुसते मांडले नाही, ते तपासता येईल अशी सोय केली. पण जीव बाहेरून आला म्हटले तरी तो तिथे कसा घडला हा प्रश्न शिल्लकच राहतो. बाहेरून कच्चा माल आला याला मात्र भक्कम पुरावा आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक अमिनो आम्ले आढळली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ च्या सप्टेंबरात यानाने आणलेल्या मातीत जीवसृष्टीतल्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि पाचही बेस मिळाले. त्याच मातीत आणखी एक गोष्ट मिळाली, जिच्याकडे आपल्या वादात लक्ष द्यायलाच हवे: सोडियम कार्बोनेटचे आणि फॉस्फेटचे क्षार, जे खारे पाणी हळूहळू आटतानाच एकामागून एक बसतात. बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात लोणारच्या जातीचे पाणी होते. जीवन तिथे घडले नाही, म्हणजे नुसते आटणेही पुरत नाही. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन हे चक्र त्या बंद पोटात नव्हते. आता हॉइल यांची संभाव्यता. त्यांचे गणित पेशीला लागणारे सगळे विकर एका फटक्यात जुळण्याचे होते, आणि ते तसे असेल तर अशक्यच. पण निवड सुरू झाली की योगायोगाला एकदम सगळे जुळवावे लागत नाही. थोडे जुळते, ते टिकते, त्यावर पुढचे जुळते. १९६७ साली सोल स्पीगलमन यांनी परीक्षानळीत निव्वळ आरएनएवर निवडीचा परिणाम दाखवला. २०२४ साली जेराल्ड जॉयस यांच्या गटाने असे आरएनए-विकर मांडले की जे दुसऱ्या कार्यक्षम आरएनएच्या प्रती पुरेशा अचूकपणे काढते, आणि त्या प्रतींत उत्क्रांती होत राहते. खरा प्रश्न असा की निवड सुरू कुठे होऊ शकते.

समुद्रपक्ष : माझ्या छिद्रांत. ज्या छिद्रातले रेणू प्रवाहात टिकून राहतात ते साचतात, बाकीचे वाहून जातात. हीही निवडच.

भूमिपक्ष : इथेच आपला खरा वाद आहे. छिद्र खडकाला जखडलेले आहे. ते दुभंगत नाही, दुसरीकडे जात नाही, त्याची संतती नाही. निवडीला एकमेकांपासून सुटी, संख्येने पुष्कळ, पुन्हा पुन्हा पारखली जाणारी एकके लागतात. आटत्या डबक्याच्या काठावर मेदांचे थर वाळतात, साखळ्या त्यांत अडकतात, पाणी आले की त्या थरांतून असंख्य पुटिका सुटतात, प्रत्येकीत वेगळा ऐवज. ज्या फुटतात त्यांचा ऐवज सांडतो. ज्या टिकतात त्या पुढच्या कोरड्या फेरीत पुन्हा थरात मिसळतात. जनुके नसतानाही इथे पिढी आहे, पारख आहे, वारसा आहे. खाऱ्या पाण्याचा प्रश्न तुमच्यावर आहे: साध्या मेदाम्लांच्या पुटिका उष्ण झऱ्याच्या गोड्या पाण्यात बनतात, समुद्राच्या पाण्यात बनत नाहीत, हे डीमर यांच्या गटाने २०१८ साली दाखवले.

समुद्रपक्ष : आणि २०१९ साली लंडनमध्ये निक लेन यांच्या गटाने वेगवेगळ्या मेदाम्लांचे मिश्रण घेऊन, समुद्रासारख्या खाऱ्या, अल्कधर्मी, गरम पाण्यात त्या बनवून दाखवल्या. माझा एक दरवाजा तुम्ही बंद समजत होता, तो उघडला. बाकीचेही उघडतील.

भूमिपक्ष : तो दरवाजा उघडला हे मान्य. पण त्या पुटिकांत साखळ्या कुठून येणार हे अजून बाकी आहे, आणि मला तोच मुख्य दरवाजा वाटतो.

संवाद इथे थांबवतो, कारण दोन्ही पक्ष आपापली अपुरी बाजू ओळखून आहेत. भूमिपक्षाला अजून एकाच डबक्यात, माणसाने मध्ये हात न घालता, कच्च्या मालापासून स्वतःची प्रत काढणाऱ्या साखळीपर्यंत जाता आलेले नाही. समुद्रपक्षाला लांब साखळीपर्यंतच जाता आलेले नाही. या दोन उणिवा सारख्या नाहीत. पहिल्यात वाटेतले टप्पे स्वतंत्रपणे गाठले गेले आहेत आणि ते सांधायचे आहेत. दुसऱ्यात मधला एक टप्पा रसायनाच्या नियमांशीच भांडतो. समुद्रपक्षाची प्रोटॉनची गोष्ट पेशीला पुढे काय मिळाले ते उत्तम सांगते. पहिली पेशी होण्यापूर्वी रेणूंची पारख कुठे झाली, ते मात्र आटणाऱ्या पाण्यातच दिसते.

हा कौल तपासता येईल अशा दोन जागा सूर्यमालेत आहेत. मंगळावर एके काळी तळी होती, ती आटली. पर्सिव्हरन्स यान २०२१ पासून तशाच एका जुन्या तळ्याच्या, जेझेरो विवराच्या, खडकांत हिंडत आहे. शनीच्या एन्सेलॅडस या उपग्रहावर याच्या उलट स्थिती आहे: बर्फाखाली समुद्र, तळाशी गरम खडक, जमीन मात्र नाही. कसिनी यानाने त्याच्या फवाऱ्यांत हायड्रोजन शोधला, आणि त्याच यानाच्या नोंदींतून २०२३ साली फॉस्फेटही निघाले. ऊर्जा आहे, कार्बन आहे, फॉस्फेट आहे. फक्त आटणारे पाणी नाही. भूमिपक्ष बरोबर असेल तर तो समुद्र निर्जीव असला पाहिजे. उद्या त्या फवाऱ्यात तिथेच उपजलेली एक जरी पेशी सापडली, तर या लेखातला कौल चुकला असे समजावे.